साडेसात एमएलचा हिशोब

शनिवारच्या रात्री पुण्यातला एकोणतीस वर्षांचा, सिंगल, बऱ्यापैकी पगार असलेला मुलगा काय करत असतो? तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल ते विसरा. मी कोथरूडमधल्या एका टू बीएचकेत गुडघ्यांवर रांगत होतो आणि माझ्या पाठीवर अडीच वर्षांचे एक सद्गृहस्थ बसून 'हॅट् हॅट्' करत होते. हे सद्गृहस्थ म्हणजे माझा भाचा. घरात त्याला सगळे 'छोटे सरकार' म्हणतात आणि त्याचं वागणंही तसंच आहे.

ताई आणि भावोजी लग्नाला कोल्हापूरला गेले होते. एकच रात्र होती. 'मामा आहे ना' या तीन शब्दांवर ताईने ट्रिप ठरवली होती. जाताना तिने मला फ्रीजवर चिकटवलेली यादी दाखवली : जेवण, झोप, डायपर, आवडतं गाणं, डॉक्टरांचा नंबर. मी मनातल्या मनात हसलो. महिनाअखेरीच्या क्लोजिंगला सलग चौदा तास बसणारा माणूस मी, मला एक अडीच वर्षांचं पोर काय जड जाणार?

संध्याकाळी सात वाजता सरकारांचं अंग गरम लागलं. थर्मामीटर लावला, १०१.८. ताईला फोन केला. मागे सनईचा आवाज. ती म्हणाली, "अरे, सर्दी होतीच त्याला. औषधांच्या डब्यात तापाचं सिरप आहे. साडेसात एमएल दे. चार-सहा तासांनी परत ताप वाटला तर परत साडेसात." मी दिलं. तासाभरात ताप उतरला, सरकार पुन्हा घोड्यावर. मामा हिरो.

फक्त बाटली संपली होती.

मी सोसायटीच्या सिक्युरिटी काकांच्या बायकोला दहा मिनिटं घरात बसवलं आणि खालच्या मेडिकलमध्ये गेलो. नाव सांगितलं. काउंटरवरच्या दादाने मागे न बघताच बाटली काढून दिली. तेच नाव, तोच बॉक्स, आत तेच नारिंगी औषध. साडेअकराला ताप परत १०१ वर गेला तेव्हा मी नव्या बाटलीतून बरोब्बर साडेसात एमएल मोजलं, झाकणाच्या कपातल्या रेषेला डोळा लावून. पहाटे चारचा अलार्म लावला आणि झोपलो.

माझं ऑफिसातलं काम सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. मी एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये रिकन्सिलिएशन बघतो. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कुठला आकडा जुळत नाही ते शोधायचं. याचे मला पैसे मिळतात. पहाटे चार वाजता, अर्धवट झोपेत, बेसिनच्या दिव्याखाली मी नवी बाटली उघडत होतो आणि जुनी रिकामी बाटली तिथेच पडलेली होती. दोन याद्या शेजारी शेजारी. जुनीवर लिहिलं होतं : दर ५ मिलीमध्ये पॅरासिटामॉल १२० मिलिग्रॅम. नवीवर : दर ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम.

झोप कुठे गेली कळलंच नाही.

पहाटे चारचा वजनकाटा

फ्रीजवरचा नंबर लावला. डॉक्टर मॅडमनी चौथ्या रिंगला उचलला. मी एका श्वासात सगळं सांगितलं. पलीकडून अतिशय शांत आवाजात तीन प्रश्न आले. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. किती वाजता किती दिलंत? आणि त्याचं वजन किती?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला म्हणालो, "असेल बारा-तेरा किलो."

"असेल नको. घरी वजनकाटा आहे का?"

होता. भावोजींच्या न्यू इयर रिझोल्यूशनचा, पलंगाखाली. मॅडम म्हणाल्या, "आधी तुम्ही एकटे उभे राहा. मग त्याला कडेवर घेऊन उभे राहा. वजाबाकी करा." मी झोपलेल्या सरकारांना खांद्यावर घेतलं. एकटा मी : ८१.४. आम्ही दोघं : ९३.४. बारा किलो. (८१.४ हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, तूर्त सोडून द्या.)

फोनवर दोन सेकंद शांतता. मग मॅडमनी मला हिशोब ऐकवला. "संध्याकाळी १८० मिलिग्रॅम गेलं, ते बरोबर होतं. रात्री १८०च्या जागी ३७५ गेलं, म्हणजे दुपटीहून जास्त. दोन्ही मिळून ५५५. बारा किलोला भागलं तर किलोमागे ४६ मिलिग्रॅम. दिवसभरात आम्ही किलोमागे ६०च्या वर जाऊ देत नाही. म्हणजे तुम्ही अजून मर्यादेत आहात. आत्ताचा डोस देऊ नका. मी बघेपर्यंत तापाचं काहीच देऊ नका. पाणी पाजा, कपडे सैल करा. उलट्या झाल्या, पोट दुखायला लागलं किंवा नेहमीसारखा जागा होत नाही असं वाटलं तर लगेच हॉस्पिटलला या. नाहीतर दहा वाजता क्लिनिकमध्ये."

मी विचारलं, "आणि मी आत्ताचा डोस दिला असता तर?"

"तर साडेसत्त्याहत्तरवर गेला असता. आणि उद्या दिवसभर असंच चालू ठेवलं असतं तर रोजचे १५०० मिलिग्रॅम. किलोमागे १२५. मग मला काळजी वाटली असती."

पहाटे सव्वाचार ते दहा हे पावणेसहा तास मी कसे काढले ते विचारू नका. दर पंधरा मिनिटांनी त्याच्या नाकासमोर बोट धरत होतो.

किलोमागे किती?

सरकार ठणठणीत निघाले. क्लिनिकमध्ये त्यांनी मॅडमचा स्टेथोस्कोप ओढला, यावरून काय ते समजा. पण मला काही स्वस्थ बसवेना. पुढच्या आठवड्यात मी ऑफिस सुटल्यावर पुन्हा क्लिनिकला गेलो. यावेळी पेशंट नव्हता, फक्त प्रश्न होते. मॅडमनी प्रिस्क्रिप्शन पॅडच्या मागे मला जे शिकवलं, ते आपल्यासारख्या एक्सेलवाल्या पब्लिकला पाच मिनिटांत समजेल असं आहे.

मोठ्या माणसांना बहुतेक औषधं 'एक गोळी' या हिशोबात मिळतात. साठ किलोचा असो नाहीतर ऐंशीचा, गोळी तीच. त्या औषधांचा 'पुरेसं' आणि 'जास्त' यांच्यातला पट्टा रुंद असतो, म्हणून चालून जातं. मुलांचं तसं नाही. तीन किलोचं तान्हं बाळ आणि तीस किलोचा चौथीतला मुलगा हे दोघेही 'मूल'च, पण फरक दहा पट. म्हणून डॉक्टर आधी वजन बघतात आणि मग किलोमागे किती मिलिग्रॅम ते ठरवतात.

तापासाठी पॅरासिटामॉलचा नेहमीचा हिशोब : एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसमध्ये कमीत कमी चार तास, शक्यतो सहा. आता बारा किलोच्या सरकारांना लावा. १२ गुणिले १५, म्हणजे १८० मिलिग्रॅम. ही झाली पहिली पायरी, आणि इथे एमएलचा संबंधच नाही. दुसरी पायरी : हातातल्या बाटलीत ५ मिलीमध्ये किती आहे? १२० असेल, तर १८० मिलिग्रॅम म्हणजे ७.५ मिली. ताईचं साडेसात एमएल बरोब्बर होतं. पण २५०ची बाटली असेल तर त्याच १८० मिलिग्रॅमला फक्त ३.६ मिली लागतात.

म्हणजे 'साडेसात एमएल' हे उत्तर होतंच, पण एका विशिष्ट बाटलीचं. बाटली बदलली आणि मी उत्तर तेच ठेवलं. शाळेत याला शून्य मार्क मिळतात.

मग वयावरून का नाही? बॉक्सवर तर वयाचे गट छापलेले असतात. एकेकाळी वयावरूनच चालायचं. त्यासाठीचं एक जुनं सूत्र थॉमस यंगच्या नावाने प्रसिद्ध आहे. प्रकाश लहरींसारखा वागतो हे प्रयोगाने दाखवणारा आणि रोझेटा शिळेवरची लिपी उलगडायला हातभार लावणारा तोच हा यंग. धंद्याने तो डॉक्टर होता. सूत्र असं : मुलाचं वय भागिले वय अधिक बारा, आणि येईल तो अपूर्णांक गुणिले मोठ्या माणसाचा डोस. अडीच वर्षं, ५०० मिलिग्रॅमची गोळी. उत्तर येतं ८६ मिलिग्रॅम. आपल्या १८०च्या निम्म्याहूनही कमी! ताप उतरणार नाही, मामा घाबरणार आणि दोन तासांत पुन्हा औषध पाजणार. कमी डोसही असा फिरून महागात पडतो.

शिवाय बाळ म्हणजे मोठ्या माणसाची छोटी झेरॉक्स नाही. नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात. १९५०च्या दशकाच्या शेवटी क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांना देताना डॉक्टरांना हा धडा फार महाग पडला. बाळांच्या यकृताला ते औषध निकाली काढता येईना, ते अंगात साठत गेलं, बाळं राखाडी पडली आणि कित्येक दगावली. त्याचं नावच 'ग्रे बेबी सिंड्रोम' पडलं. म्हणून तान्ह्या बाळांत नुसतं वजन पुरत नाही, वयाचे दिवससुद्धा मोजतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी हिशोब करत बसायचंच नाही, थेट डॉक्टर गाठायचा.

नाव तेच, ताकद वेगळी

आपल्याकडे मेडिकलमध्ये एकाच नावाखाली काय काय मिळतं ते एकदा बघाच. ५ मिलीला १२० मिलिग्रॅमचं सिरप. ५ मिलीला २५०चं, म्हणजे डबल स्ट्रेंग्थ. आणि तान्ह्या बाळांसाठीचे ड्रॉप्स, ज्यांच्या एकाच मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असतं! ड्रॉप्सची बाटली इवलीशी, म्हणून आपल्याला वाटतं आतलं औषधही सौम्य असणार. उलट आहे. बाळाला एका वेळी थोडंच पाजता येतं म्हणून औषध जास्त दाट केलेलं असतं. मी त्या रात्री ड्रॉप्समधून साडेसात एमएल दिलं असतं तर ७५० मिलिग्रॅम गेलं असतं. एका झटक्यात संपूर्ण दिवसाच्या मर्यादेपेक्षा जास्त.

हा घोळ फक्त आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतही बाळांचे ड्रॉप्स आणि मुलांचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचे होते आणि पालकांची गल्लत व्हायची. शेवटी २०११ साली तिथल्या कंपन्यांनी लहान मुलांसाठीचं सगळं पातळ पॅरासिटामॉल एकाच ताकदीवर आणायला सुरुवात केली : ५ मिलीला १६० मिलिग्रॅम. तुमची वहिनी न्यू जर्सीहून बाटली घेऊन आली असेल तर हा आकडा लक्षात ठेवा, ती इथल्या कुठल्याच बाटलीशी जुळत नाही. आणि तिकडे वजन पाउंडात सांगतात हेही विसरू नका. बारा किलोचे सरकार तिकडे साडेसव्वीस होतात. तो आकडा कुणी किलो समजून वापरला तर डोस सव्वादोन पट!

आणखी एक छुपा पाहुणा म्हणजे सर्दीचं सिरप. सर्दी-तापाच्या कित्येक औषधांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. एका बाटलीतून तापाचं, दुसरीतून सर्दीचं, आणि दोन्हीत तेच. आयब्युप्रोफेनचा हिशोब तर पूर्ण वेगळा, किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तेव्हा ते आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळायला सांगतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ सालीच बंदी आली. घरात जुनी बाटली पडली असेल तर आजच बाहेर काढा.

पॅरासिटामॉल इतकं ओळखीचं आहे की त्याची भीतीच वाटत नाही. पण प्रमाणाबाहेर गेलं की ते यकृताला मारतं, आणि वाईट गोष्ट ही की पहिला दिवसभर पेशंट अगदी ठीक दिसू शकतो. 'खेळतोय ना, मग झालं' असं म्हणून चालत नाही. त्यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. गंमत बघा, त्या उताऱ्याचा डोससुद्धा किलोवरच काढतात.

आजीचे वेढे आणि आपला चमचा

हे सगळं मी आजीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यात नवीन काय? आम्ही बाळगुटी अशीच उगाळायचो." खरंच की! सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा. बाळ महिन्याचं असताना एक, मोठं होईल तसे वेढे वाढवत न्यायचे. आणि जायफळाचा हात जरा जास्त फिरला की बाळ झोपूनच राहायचं, हे प्रत्येक आजीला माहीत असायचं. डोस मोजायची ही आपली घरगुती पद्धत. आज डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नका म्हणतात, त्यामुळे गुटी मागे पडली. पण वाढत्या बाळाप्रमाणे माप बदलायचं, ही अक्कल आजीकडे होती. ती आपण मात्र हरवून बसलो.

आपण काय करतो? चमचा घेतो. कुठला चमचा? चहाचा? पोह्यांचा? आमच्या घरी 'छोटा चमचा' म्हणून पाच प्रकारचे चमचे निघाले. मी सिरिंजने पाणी मोजून बघितलं. एकात साडेतीन मिली मावलं, दुसऱ्यात साडेसहा. म्हणजे त्याच 'एका चमच्यात' जवळजवळ दुपटीचा फरक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली स्पष्टच सांगितलं : पातळ औषध फक्त मिलीमध्ये लिहा, चमच्यात नको. औषधाबरोबर येणारा कप ठीक, पण त्याहून बिनसुईची सिरिंज चांगली. मेडिकलमध्ये किरकोळ किमतीत मिळते. आणि बाटली आधी नीट हलवायची. सस्पेन्शन असेल तर औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं की वरचा डोस पातळ आणि शेवटचा दाट.

एका शून्याची किंमत

मामाच काय, मोठमोठी हॉस्पिटलंही यात सापडली आहेत. २००७च्या नोव्हेंबरमध्ये हॉलिवूडचा अभिनेता डेनिस क्वेड याच्या अवघ्या काही दिवसांच्या जुळ्या बाळांना लॉस एंजेलिसमधल्या एका नावाजलेल्या हॉस्पिटलात हेपॅरिन दिलं गेलं. सलाइनची नळी गुठळीने बंद पडू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं हे औषध. द्यायचं होतं मिलीमागे १० युनिटवालं. दिलं गेलं १०,००० युनिटवालं. हजार पट! दोन्ही बाटल्यांची लेबलं निळी आणि दिसायला सारखी होती. बाळं वाचली. पुढे क्वेड औषधांतल्या चुका टाळण्याच्या कामालाच लागला.

म्हणून हॉस्पिटलांत आता एक शिस्त शिकवतात. अर्धा मिलिग्रॅम लिहायचा तर '०.५' लिहा, पुढचं शून्य खाऊ नका, नाहीतर टिंब पुसट झालं की तो ५ होतो. आणि पाच लिहायचा तर नुसता '५' लिहा. '५.०' लिहिलं की कुणीतरी ५० वाचतो. डेसिमलचा गोंधळ झाला की आपल्या ऑफिसात फार तर ऑडिटची मेल येते. तिथे मेल यायला वेळच नसतो.

आणि मूल काट्यावर उभं करायलाच वेळ नसेल तर? बेशुद्ध आहे, झटके येतायत? त्यासाठी जेम्स ब्रोसलो नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९८०च्या दशकात एक भन्नाट युक्ती काढली. रंगीत पट्ट्यांची एक लांब टेप. ती मुलाच्या शेजारी डोक्यापासून टाचेपर्यंत पसरायची, टाच ज्या रंगावर येईल तिथे अंदाजे वजन आणि औषधांचे डोस आधीच छापलेले. मात्र भारतीय मुलांवर ही टेप तपासून पाहिली तेव्हा दहा किलोच्या वरच्या मुलांचं वजन ती जास्त दाखवते असं आढळलं. आपली मुलं त्याच उंचीला जरा हडकुळी. बाहेरून आलेलं माप इथे लावताना थोडं सांभाळून, हे इथेही आलंच.

आणि आपण मोठे?

'मला मूलबाळ नाही, मी कशाला वाचू' असं म्हणणाऱ्यांसाठी. तुमची आजी किती किलोची आहे? माझी ३८. तिला अंगदुखीला मी बिनधास्त ६५०ची गोळी द्यायचो, माझ्याच स्ट्रिपमधली. किलोमागे १५ने ३८ किलोला ५७० मिलिग्रॅम होतात. म्हणजे तिला ५०० पुरे होती. पन्नास किलोच्या खालच्या मोठ्या माणसांनाही पॅरासिटामॉल बेताने द्यायला सांगतात, आणि म्हातारपणात यकृत-मूत्रपिंडं मंदावतात ते वेगळंच. आता आजीची स्ट्रिप वेगळी, डॉक्टरांना विचारून.

रात्री उशिरा घरी येताना कुत्रं चावलं तर? रेबीजची लस सगळ्यांना सारखीच. पण जखम खोल असेल तर सोबत जे इम्युनोग्लोब्युलिन जखमेत टोचतात, त्याची कमाल मात्रा वजनावर ठरते : माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर ४०. टीबीच्या सरकारी उपचारात रोज किती गोळ्या हे पेशंटच्या वजनाच्या गटावरून ठरतं, आणि उपचारात वजन वाढलं की ते पुन्हा तपासतात. केमोथेरपीत त्याहून पुढची पायरी : वजन आणि उंची मिळून शरीराचं क्षेत्रफळ काढतात. सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलो, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. १६० सेंटिमीटर, ६० किलोची बाई म्हणजे साधारण १.६३ चौरस मीटर. प्रत्येक वेळी वजन घेतात ते उगाच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नर्सने 'काट्यावर उभे राहा' म्हटलं की पोट आत घेऊन 'लिहा पासष्ट' म्हणू नका. तिथे इम्प्रेशन मारायचं नसतं.

ताई आली

रविवारी संध्याकाळी ताई-भावोजी परत आले. मी ठरवलं होतं, चपला काढायच्या आत सांगायचं. नंतर सांगायला धीर झाला नसता. पार्किंगमध्येच सांगितलं. ताई काही बोलली नाही. वर आली, सरकारांना उचललं, त्यांच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ उभी राहिली. मी बॅगा आत नेल्या, पाणी आणलं, पुन्हा बॅगा सरळ केल्या.

मग तिने औषधांचा डबा काढला. डॉक्टरांच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनवर स्पष्ट लिहिलेलं होतं : सिरप, १२०/५. ती म्हणाली, "मी तुला नुसतं एमएल सांगितलं रे. अर्धी चूक माझी." मेडिकलवाल्याने विचारलं नाही, मी वाचलं नाही, ती बोलली नाही. तिघांनीही थोडं थोडं सोडलं, आणि ते सगळं जाऊन पडलं बारा किलोच्या पोरावर.

त्या रात्री फ्रीजवरची यादी बदलली. आवडतं गाणं तेच आहे. पण वर मोठ्या अक्षरात वजन आणि ते घेतल्याची तारीख, खाली औषधाचं नाव, ताकद, मिलिग्रॅम आणि मग मिली. शेजारी रिकामा रकाना : किती वाजता, कुणी दिलं.

परवा गेलो होतो. सरकारांना आता खेळ सापडलाय. मामा आला की पलंगाखालून काटा ओढून आणायचा, 'मामा आदी' म्हणायचं, मग स्वतः कडेवर बसायचं. मी ८२.२. दोघं ९५.३. वजाबाकी केली, तेरा पूर्णांक एक. ताईने पेन घेतलं, फ्रीजवरचा बारा खोडला.

*फ्रीजवर लावा*

- वजन दर महिन्या-दोन महिन्यांनी नवं लिहा. जुन्या वजनावर नवा डोस नको.
- डॉक्टरांना विचारा : 'किती मिलिग्रॅम?' मग विचारा : 'या बाटलीतलं किती मिली?'
- नवी बाटली जुनीशेजारी ठेवून ५ मिलीमागचा आकडा जुळवा. जुनी संपली तरी नवी येईपर्यंत टाकू नका.
- चमचा नाही, सिरिंज. आधी बाटली हलवा.
- दिलेल्या वेळा लिहा. घरात औषध देणारे दोघं असतील तर नक्कीच.
- दोन औषधं चालू असतील तर दोन्हींवरचे घटक वाचा.
- जास्त गेलं असं वाटलं तर लक्षणांची वाट बघू नका. बाटली हातात घेऊन फोन करा.
- इथले आकडे समजून घेण्यासाठी आहेत. तुमच्या मुलाचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.